पीएचडीची जागा नेमकी कुठे आणि कशी शोधायची? जीवशास्त्र-जैवतंत्रज्ञानाच्या एका विद्यार्थ्याला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीचं दुसरं वर्ष. सीजीपीए ७.४. नेट एकदा दिली, निघाली नाही. पेपर एकही नाही. घरी वडील एकटे कमावणारे. भारतात किंवा जर्मनीत पीएचडी करायची इच्छा आहे. "रोज जाहिराती बघतो, पन्नासेक प्राध्यापकांना मेल टाकले, एकाचंही उत्तर आलं नाही. माझं चुकतंय कुठे?" सोबत त्या मेलचा नमुना दिला आहे.

मी पुण्यात पीएचडी केली, पुढे काही वर्षं जर्मनीत काम केलं आणि आता स्वतःची लॅब चालवतो. दरवर्षी प्रवेशाच्या इंटरव्ह्यू पॅनेलवर बसतो. तिथे बसून जे दिसतं ते सांगतो.

आधी एक मनातून काढून टाका. ७.४ मुळे तुमचं काही अडलेलं नाही, आणि पेपर नाही म्हणूनही नाही. एम.एस्सी.च्या मुलाकडे पेपर असलाच पाहिजे असं आम्ही धरत नाही. पैसे भरून छापून आणलेला 'रिव्ह्यू' सीव्हीवर दिसला तर उलट आम्ही सावध होतो. तुमचं अडलंय ते तुमच्याच डेझर्टेशनपाशी. मेलमध्ये तुम्ही ते एका ओळीत उरकलंय: "अडुळशाच्या पानांच्या अर्काची जिवाणूरोधक क्षमता तपासली." बस. म्हणजे चार महिने तुम्ही जे केलं, त्याला तुम्ही स्वतःच किंमत दिलेली नाही.

असे विषय आपल्याकडे कित्येक विभागांत दरवर्षी दिले जातात, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. एका इंटरव्ह्यूतला प्रसंग सांगतो. एक मुलगी अशाच विषयावर बोलत होती. स्लाइडवर पेट्री प्लेटचा फोटो, अगारमध्ये चार विहिरी, भोवती जिवाणू न वाढलेले पारदर्शक गोल, म्हणजे झोन. "झोन १४ मिलिमीटर आला, म्हणून अर्क प्रभावी आहे." मी विचारलं, अर्क कशात विरघळवला होता? डीएमएसओ या द्रावकात. मग नुसता डीएमएसओ घातलेली विहीर कुठली? ती नव्हतीच, म्हणजे जिवाणू अर्काने मेले की द्रावकाने, हे सांगताच येत नव्हतं. जिवाणू किती टाकले होते? "मॅडमनी दिलेलं कल्चर पसरवलं." तिला बाकी पुस्तकी प्रश्न छान येत होते, पण त्या दोन उत्तरांनंतर पॅनेलला पुढे विचारण्यासारखं फार उरलं नाही.

त्याच दिवशी दुपारी एक मुलगा आला. त्याचा झोन जेमतेम ९ मिलिमीटर. तो म्हणाला, "सर, झोन लहान आला, पण त्यावरून अर्क कमकुवत आहे असं मी म्हणणार नाही. तेलकट रेणू अगारमधून नीट पसरत नाहीत. म्हणून मी ब्रॉथमध्ये, म्हणजे द्रव माध्यमात, एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा) काढायला घेतली. तिथे अर्कामुळे ब्रॉथच गढूळ झाला, वाढ झाली की नाही ते डोळ्यांनी कळेना. मग रेझाझुरिन घातलं. जिवंत जिवाणू असले की ते निळ्याचं गुलाबी होतं." इनॉक्युलम, म्हणजे सुरुवातीला टाकलेले जिवाणू? "०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापाला जुळवून घेतला, मिलिलिटरला साधारण १५ कोटी पेशी, मग पातळ केला." नुसत्या अर्काबरोबर रेझाझुरिनचा रंग बदलतो का, हे पाहिलं होतं का? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नाही पाहिलं. पाहायला हवं होतं. वनस्पतीतले काही घटक स्वतःच रंग बदलवू शकतील." त्याचं काम अर्धवट होतं, मार्क त्या मुलीपेक्षा कमी होते, आणि पॅनेलचं एकमत व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

तुमच्या हातात हेच आहे. आज संध्याकाळी प्रयोगवही घेऊन बसा. प्रत्येक पायरीसमोर तीन गोष्टी लिहा: हे असंच का केलं, कंट्रोल (तुलनेसाठीची चाचणी) कोणता होता, आणि निकाल उलटा आला असता तर मी काय समजलो असतो. जिथे उत्तर येत नाही तिथे खूण करा आणि गाइडकडे जा. डेझर्टेशन अजून संपलेलं नसेल तर राहिलेला कंट्रोल लावून टाका. डीएमएसओच्या एका विहिरीला काही खर्च येत नाही.

तुम्ही बायोइन्फर्मॅटिक्समध्येही रस असल्याचं लिहिलंय, आणि कॉलेजात यंत्रं नाहीत अशी खंत केली आहे. त्यावर इलाज आहे. एनसीबीआयच्या जिओ या संग्रहात प्रकाशित पेपरांचा जनुक-अभिव्यक्तीचा कच्चा डेटा फुकट मिळतो. तुम्हाला आवडलेला एक पेपर निवडा, त्याचा डेटा उतरवा आणि त्यातली एकच आकृती आर किंवा गॅलक्सी ही मोफत सॉफ्टवेअर वापरून स्वतः पुन्हा काढा. जुळली तर उत्तम. नाही जुळली तर का नाही, हे शोधताना तुम्ही जे शिकाल ते महागड्या सर्टिफिकेट कोर्समध्ये शिकवत नाहीत. यासाठी साधा लॅपटॉप पुरतो. हे केलेलं पोरगं समोर आलं की मी खुर्चीत पुढे सरकून बसतो.

आता भारतातल्या जागांबद्दल. इथे एक मोठा गैरसमज आहे: जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप, निघाली म्हणजे पीएचडी मिळाली. तसं नाही. आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी जुळाव्या लागतात: पैसा, गाइड आणि रजिस्ट्रेशन. जेआरएफ फक्त पहिली गोष्ट देते. सीएसआयआर किंवा यूजीसीची फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये आहे, वर घरभाडं. हे पैसे तुमच्या नावावर येत असल्यामुळे गाइडला तुम्हाला घेणं सोपं जातं, इतकाच त्याचा अर्थ. गाइडकडे जागा हवी, कारण यूजीसीच्या नियमाने प्राध्यापकाला एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरला सहा आणि असिस्टंट प्रोफेसरला चारच पीएचडी विद्यार्थी घेता येतात. आणि पदवी कोण देणार, हेही ठरायला हवं. सीएसआयआरच्या प्रयोगशाळा, म्हणजे पुण्याची एनसीएल, नागपूरची नीरी, गोव्यात दोना पावलाची एनआयओ, यांची पदवी सीएसआयआरचीच एसीएसआयआर ही अकादमी देते. खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्राची पदवी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची असते. आयसर आणि टीआयएफआर स्वतःची पदवी देतात. बाकी कित्येक संस्था जवळच्या विद्यापीठाशी जोडलेल्या असतात आणि तिथे विद्यापीठाच्या तारखा पाळाव्या लागतात. गाइड हो म्हणाला, फेलोशिप हातात आहे, आणि विद्यापीठाची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) त्या वर्षी झालीच नाही म्हणून मुलाचे आठ महिने गेले, असं मी जवळून पाहिलंय. म्हणून कुठेही बोलणं सुरू करताना पहिल्याच फोनवर विचारा: रजिस्ट्रेशन कुठल्या विद्यापीठात आणि पुढची तारीख कधी?

नेटबद्दल थोडं, कारण ती पुन्हा द्यावीच लागेल. लाइफ सायन्सेसचा पेपर २०० मार्कांचा. भाग 'क' मध्ये ७५ प्रश्नांतले फक्त २५ सोडवायचे आणि प्रत्येकाला ४ मार्क, म्हणजे निम्मा पेपर तिथेच. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांचे २५ टक्के कापतात, म्हणजे भाग 'क' मध्ये एक मार्क. अभ्यासक्रमात १३ युनिट आहेत आणि मुलं तेराही वरवर वाचतात. पाच-सहा युनिट इतकी पक्की करा की आलेख पाहून प्रयोग काय होता ते सांगता यावं. त्यात पद्धतींचं युनिट धराच, कारण तेच इंटरव्ह्यूला कामाला येतं. २०२४ पासून नेटच्या निकालात तीन पायऱ्या आहेत: जेआरएफसह, फक्त असिस्टंट प्रोफेसर व पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. खालच्या दोन पायऱ्यांवर असलात तर विद्यापीठात प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि इंटरव्ह्यूला ३० टक्के वजन असतं, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. तेव्हा "थोडक्यात हुकली" म्हणून निकाल बाजूला टाकू नका.

नेट हे एकच दार नाही, हे मात्र घरच्यांनाही समजावून सांगा. डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, बेट परीक्षा आहे, आयसीएमआरची जेआरएफ परीक्षा आहे, गेटमध्ये बायोटेक्नॉलॉजी आणि लाइफ सायन्सेस असे दोन वेगळे पेपर आहेत आणि गेटचे गुण तीन वर्षं चालतात. आयआयटी मुंबईच्या बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभागासारख्या ठिकाणी ते उपयोगी पडतात. आणि जे-जीबिल्स आहे, टीआयएफआर-एनसीबीएसकडून होणारी जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा. डिसेंबरच्या सुमारास होते, फॉर्म त्याआधी शरदात निघतात, आणि तिचे गुण बऱ्याच संस्था इंटरव्ह्यूला बोलावण्यासाठी धरतात. ती पाठांतराची परीक्षा नाही. समोर डेटा ठेवतात आणि यातून काय म्हणता येईल, असं विचारतात. तुमच्यासारख्या, पाठांतरात थोडा मागे पण विचार करणाऱ्या मुलाला ती नेटपेक्षा जास्त मानवते असा माझा अनुभव आहे.

तुम्ही ज्या प्रवर्गात येत असाल त्यानुसार राज्याच्या फेलोशिपही पाहा: बार्टी, सारथी, महाज्योती. बहुतेक ठिकाणी आधी पीएचडीचं रजिस्ट्रेशन लागतं, म्हणजे क्रम उलटा आहे. आधी गाइड, मग पैसा. कुठलीही फेलोशिप असो, पहिला हप्ता उशिरा येऊ शकतो, म्हणून सुरुवातीच्या सहा महिन्यांची सोय घरी आधीच बोलून ठेवा. वडिलांना हे आधी माहीत असलं तर त्या सहा महिन्यांत तुमच्यावर दडपण येत नाही.

आता जर्मनी. तिथे दोन रस्ते आहेत. एक, प्रोग्रॅममधून जाणं. माक्स प्लांक संस्थांच्या पदवीशाळा, ज्यांना आयएमपीआरएस म्हणतात, आणि हायडेलबर्गचं ईएमबीएल, म्हणजे युरोपीय देशांची सामायिक जीवशास्त्र प्रयोगशाळा, ही यातली मोठी नावं. ईएमबीएलचा पीएचडी प्रोग्रॅम १९८३ पासून चालू आहे आणि त्याची सहा केंद्रं आहेत: हायडेलबर्ग, हॅम्बुर्ग, ग्रनोब्ल, रोम, बार्सिलोना आणि इंग्लंडमधलं हिंक्स्टन. शेजारच्या ऑस्ट्रियात व्हिएन्ना बायोसेंटर आणि क्लोस्टरनॉयबुर्गची आयएसटीए ही संशोधन संस्था. यातल्या प्रत्येक प्रोग्रॅमला एकच अर्ज करायचा, निवड झाली की इंटरव्ह्यूला बोलावतात आणि निवडीनंतर लॅब ठरते. अर्जाला फी नाही. नेट, गेट, जीआरई काही लागत नाही. लागते ती मास्टर्सची पदवी, दोन-तीन शिफारसपत्रं आणि 'मला या प्रश्नात रस का आहे' हे सांगणारं एक-दोन पानी पत्र. बहुतेक तारखा ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान येतात. आपल्याकडची मुलं मे महिन्यात एम.एस्सी.चा शेवटचा पेपर दिल्यावर शोधायला लागतात. तोवर त्या वर्षीची गाडी निघून गेलेली असते. तुम्ही दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच अर्ज भरत असायला हवं.

दुसरा रस्ता म्हणजे एखाद्या प्राध्यापकाच्या लॅबमध्ये थेट जाणं. तिथे पीएचडी ही बऱ्याचदा नोकरी असते. जीवशास्त्रात ई-१३ या सरकारी वेतनश्रेणीच्या ६५ टक्क्यांचा करार सर्रास दिसतो. कागदावर ६५ टक्के, काम पूर्ण वेळ. नेदरलँड्स आणि स्वीडनमध्येही पीएचडीचा विद्यार्थी हा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो, साधारण चार वर्षांसाठी, आणि जागा विद्यापीठाच्या नोकऱ्यांच्या पानावर जाहीर होते. म्हणून 'पीएचडी प्रवेश' असं शोधत बसलात तर ती जागा सापडणारच नाही. 'व्हेकन्सी' बघावी लागते. युराक्सेस या युरोपीय पोर्टलवर अशा बऱ्याच जागा एकत्र येतात.

याच पोर्टलवर मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागाही दिसतील. यांच्याकडे खास लक्ष द्या. एकेका नेटवर्कमध्ये दहा-पंधरा जागा एकदम जाहीर होतात, वेगवेगळ्या देशांत, विद्यापीठ आणि कंपन्या मिळून. पगार चांगला असतो आणि नागरिकत्वाची अट नाही. अट उलटी आहे: ज्या देशात जागा आहे तिथे गेल्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांहून जास्त राहिलेले नसावेत. म्हणजे सांगलीत बसून अर्ज करणारा त्यात पूर्ण बसतो. शिवाय इथे विषय आधीच बारीक ठरलेला असतो, उदाहरणार्थ मायक्रोफ्लुइडिक चिपवर ऊती वाढवणं, त्यामुळे तंत्रज्ञानाकडे ओढा असणाऱ्यांना निवड सोपी जाते.

अमेरिकेबद्दल एवढंच: तारखा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, प्रत्येक अर्जाला डॉलरमध्ये फी. तुमच्या परिस्थितीत पहिल्या वर्षी युरोप आणि भारत यांवरच भर द्या.

आता तुमच्या त्या मेलबद्दल. सुरुवात अशी आहे: "आदरणीय महोदय, मी मेहनती आणि प्रामाणिक विद्यार्थी असून आपल्या नामांकित लॅबमध्ये पीएचडी करण्याची मनापासून इच्छा आहे." सोबत सहा पानांचा सीव्ही. असे मेल मला आठवड्याला येतात आणि ते वाचताना वाईट वाटतं, कारण लिहिणाऱ्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. तोच मेल कुणाच्याही लॅबला पाठवता आला असता. पन्नास मेल टाकण्याऐवजी आठ टाका. प्रत्येकाआधी त्या लॅबचे गेल्या तीन वर्षांतले दोन पेपर वाचा, एक तरी आकृतीसकट. मग असं लिहा: "तुमच्या मागच्या वर्षीच्या पेपरमध्ये बायोफिल्ममधल्या पेशींवर औषधाचा परिणाम कमी दिसतो. मी डेझर्टेशनमध्ये अर्काची एमआयसी काढली ती मोकळ्या तरंगणाऱ्या पेशींवर. तुमचा पेपर वाचल्यावर लक्षात आलं की माझा आकडा बायोफिल्मला लागू पडेलच असं नाही. हे पुढे तपासायला मला आवडेल. पुढच्या वर्षी तुमच्याकडे पीएचडीसाठी जागा आणि निधी आहे का? नसल्यास कुठल्या प्रोग्रॅममधून अर्ज करावा?" दीडशे शब्द पुरेत. सीव्ही दोन पानांचा, त्यात जन्मतारीख, वडिलांचं नाव, दहावीचे टक्के नकोत. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्याला एका ओळीत उत्तर देता येतं आणि व्यस्त माणूस एका ओळीचं उत्तर देतो. दोन आठवडे वाट पाहा, एकदा आठवण करा, मग पुढे जा.

शिफारसपत्रांबाबत आपल्याकडे एक जुनी रीत आहे. सर म्हणतात, "लिहून आण, मी सही करतो." मुलं मग तिघांच्या नावाने सारखीच तीन पत्रं लिहितात आणि वाचणाऱ्याला ते लगेच ओळखू येतं. सरांना नम्रपणे सांगा की पत्र पोर्टलवर थेट त्यांच्याकडूनच मागवलं जाणार आहे, शक्यतो संस्थेच्या ईमेलवर. सोबत एक पान मुद्दे द्या: कुठला प्रयोग केला, कुठे अडलो, सरांनी काय सुचवलं, मग काय झालं. बहुतेक शिक्षक मनापासून लिहायला तयार असतात, त्यांना फक्त आठवण करून द्यावी लागते. आणि महिनाभर आधी सांगा.

जागा मिळतेय असं दिसलं की गाइडची चौकशी करा. संकोच करू नका, पाच वर्षांचा प्रश्न आहे. भारतातल्या प्रबंधांसाठी शोधगंगेवर गाइडच्या नावाने शोधा: किती मुलं पूर्ण झाली, कोणत्या वर्षी, विषय काय. त्याच लॅबच्या पेपरांमध्ये पहिलं नाव विद्यार्थ्यांचं असतं का, तेही पाहा. मग सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याशी फोनवर बोला, मेलवर नको, आणि थेट 'सर कसे आहेत' असं विचारू नका. विचारा: "शेवटचा विद्यार्थी बाहेर पडला तेव्हा किती वर्षं झाली होती? प्रयोग फसला की सरांना कधी सांगता?" दुसऱ्या प्रश्नानंतर समोरचा जितका वेळ गप्प राहतो, त्यात बरंच काही कळतं. मी एकदा हे न विचारता एका ठिकाणी रुजू झालो होतो आणि अकरा महिन्यांनी सोडून आलो. ते महिने परत मिळाले नाहीत.

शहरांमध्ये 'परदेशात पीएचडी प्रवेश हमखास' म्हणून लाखभर रुपये मागणारे लोक आहेत. त्यांना एक रुपयाही देऊ नका. वर सांगितलेल्या एकाही जागेला मध्यस्थ लागत नाही.

शेवटी, यंदा कुठेच काही झालं नाही तर? प्रोजेक्टवर लागा. संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रोजेक्ट असोसिएट, प्रोजेक्ट जेआरएफ अशा जागा वर्षभर निघतात, बऱ्याचदा वॉक-इन इंटरव्ह्यूने, आणि स्थानिक वर्तमानपत्रात येतीलच असं नाही. आपल्या भागातल्या आणि पुण्या-मुंबईतल्या दहा संस्थांची पानं दर सोमवारी उघडून बघायची सवय लावा. वर्षभर चांगल्या लॅबमध्ये हात चालले की पुढच्या अर्जातलं पत्रही बदलतं आणि शिफारस करणारा माणूसही. फक्त रुजू होण्याआधी तीन गोष्टी लेखी किंवा निदान स्पष्ट तोंडी विचारून घ्या. प्रोजेक्ट कधी संपतोय? याच कामावर पीएचडीला रजिस्टर होता येईल का? आणि नेट किंवा जे-जीबिल्सच्या आधी महिनाभर सुट्टी मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाला जो गाइड लगेच हो म्हणेल, त्याच्याकडे जा.